दमा आटोक्यात आला, आता औषध कमी करता येईल का?

बुलढाणा जिल्ह्यात दम्याच्या रुग्णाचे वर्ष पिकांच्या चालीने चालते. मृगाचा पाऊस पडला की भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि घरोघर सर्दी-पडसे सुरू होते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी. मग कापसाची वेचणी, खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगची लगबग आणि सोबतीला थंडी. संक्रांतीच्या सुमारास तुरीची मळणी आणि होळीनंतर उन्हाळ्याची धूळ. या सगळ्यांतून वाट काढत औषध नियमित घेतलेल्या माणसाला एक दिवस जाणवते की बरेच महिने झाले, छाती वाजली नाही. रात्री उठून बसावे लागले नाही. तातडीचा पंप तर कुठे ठेवला तेही आठवत नाही.

नेमका तेव्हाच घरात प्रश्न निघतो, ‘आता त्रास नाही, मग हा रोजचा पंप किती दिवस ओढायचा?’

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे सर्रास दिली जातात. एक जण कुणालाही न विचारता औषध बंद करून टाकतो. दुसरा पाच-सात वर्षांपूर्वी मोठ्या त्रासात लिहून मिळालेली चिठ्ठी घेऊन त्याच मात्रेचे औषध दुकानातून आणत राहतो आणि डॉक्टरकडे पुन्हा जातच नाही. पहिल्याचा धोका मोठा आहे, पण दुसऱ्याचेही नुकसान होते. या दोहोंच्या मधला रस्ता म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने औषध कमी करणे. दम्याच्या उपचाराचा तो मान्यताप्राप्त भाग आहे. मात्र त्याचे काही नियम आहेत आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवेत.

दमा शांत होतो, पण आत काय चालते?

‘दमा’ हा शब्द फारसीतल्या ‘दम’ म्हणजे श्वास यावरून आला. आजारही जुना आणि त्यावरचे लिखाणही जुने. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीच्या काळात कैरोत राहणारे यहुदी हकीम मूसा बिन मैमून यांनी दम्यावर अरबी भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हवा, आहार, झोप आणि मनाची स्थिती यांवर त्यात बराच भर आहे. श्वासनलिकेच्या आत नेमके काय घडते, हे मात्र अलीकडच्या काळात कळले.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. या सुजलेल्या नळ्या धूर, धूळ, थंड हवा, सर्दीचे विषाणू अशा कशानेही चटकन आवळतात. म्हणून औषधेही दोन प्रकारची असतात. सालब्युटामॉलसारखे तातडीचे औषध आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करते, पण सुजेवर काहीच करत नाही. रोजचे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही त्याची नावे. ते सूज उतरवते आणि उतरलेली ठेवते. बहुतेक पंपांत त्याच्या जोडीला फॉर्मोटेरॉल किंवा सालमेटेरॉल हे नळी दीर्घकाळ सैल ठेवणारे औषध असते.

रोजच्या औषधाने त्रास थांबतो तेव्हा सूज दबलेली असते. नळ्यांचा हळवा स्वभाव गेलेला नसतो. राखेखाली निखारा असतो तसे हे आहे. औषध सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी काही होत नाही, आणि फसगत होते ती इथेच. आठवडा जातो, पंधरवडा जातो, माणसाला वाटते की आपण बरे झालो. सूज मात्र सावकाश परतत असते. मग एखादी सर्दी किंवा मळणीचा एक दिवस पुरेसा होतो.

कमी करणे आणि बंद करणे यांत किती फरक पडतो?

या फरकाची मोजदाद झालेली आहे. फिनलंडमधल्या सौम्य दम्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षे बुडेसोनाइडची मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णांपैकी काहींची मात्रा दिवसाला १२०० वरून ४०० मायक्रोग्रॅमवर आणली आणि काहींना औषधाऐवजी नुसता देखावा दिला. अभ्यास लहान होता, पण निकाल बोलका होता. मात्रा कमी केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचा दमा आटोक्यात राहिला. औषध पूर्ण बंद झालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते.

स्कॉटलंडमध्ये मोठ्या मात्रेवर असलेल्या २५९ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २००३ साली आला. दमा स्थिर असेल तर एका गटाची स्टेरॉइडची मात्रा निम्मी केली, दुसऱ्या गटाची तशीच ठेवली. वर्षभरात दमा उसळण्याचे प्रमाण कमी मात्रेच्या गटात ३१ टक्के आणि दुसऱ्या गटात २६ टक्के होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय नव्हता. म्हणजे निवडक रुग्णांत आणि देखरेखीखाली मात्रा निम्मी करणे बहुतेकांना झेपते.

पूर्ण बंद करण्याचे चित्र वेगळे आहे. कॅनडातल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २००० साली असे दिसले की श्वासावाटे स्टेरॉइड घेणाऱ्यांत वर्षभरात वापरलेल्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने होणारे मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी घटतात. तसेच, ज्यांनी हे औषध थांबवले त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण औषध चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होते.

म्हणून जगभरातले दम्याचे तज्ज्ञ १९९३ पासून ज्या ‘जिना’ या संस्थेच्या माध्यमातून मार्गदर्शन करतात, तिचा सल्ला स्पष्ट आहे. दमा आटोक्यात असेल तर औषध कमीत कमी परिणामकारक मात्रेपर्यंत आणावे. स्टेरॉइडचा पंप पूर्णपणे बंद करू नये.

हा प्रश्न कोणाचा, आणि कोणाचा नाही?

भारतात दम्याची खरी अडचण उलटीच आहे. देशातल्या अनेक शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे हे कुणी सांगितलेलेच नव्हते. स्टेरॉइडचा पंप रोज घेणारे तर फारच थोडे होते.

म्हणजे आपल्या घरात कोणी फक्त तातडीच्या पंपावर, सालब्युटामॉलच्या गोळीवर किंवा दम लागला की दवाखान्यात जाऊन घेतलेल्या इंजेक्शनवर दिवस काढत असेल, तर त्याने औषध कमी करण्याचा विचार बाजूला ठेवावा. त्याचा उपचार अजून सुरूच झालेला नाही. नुसत्या तातडीच्या पंपावर दमा सांभाळू नये, असे ‘जिना’ने २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे. कोणता पंप तातडीचा आणि कोणता रोजचा, हे रंगावरून ठरवू नका. कंपनीगणिक रंग बदलतो. डब्यावरचे औषधाचे नाव वाचा किंवा वाचून घ्या.

दुसरी खात्री निदानाची. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाची धाप दम्याची नसून फुप्फुसाच्या दुसऱ्या आजाराची असू शकते. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याला आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होत असेल, तर तो ‘बिसिनोसिस’ हा वेगळा विकार असू शकतो. उतारवयात हृदयाच्या दुखण्यानेही दम लागतो. म्हणून औषध कमी करण्याआधी जोराने फुंकून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी एकदा तरी झालेली असावी. आधीची चिठ्ठी आणि रिपोर्ट जपून ठेवावा.

मात्रा कमी करण्याचा फायदा काय?

पंपातल्या स्टेरॉइडला घाबरण्याचे कारण नाही. रोजचे २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. प्रेडनिसोलोनची २० मिलिग्रॅमची एक गोळी वजनाने त्याच्या शंभरपट भरते आणि तीही सबंध शरीरात फिरते. पंपाची ‘सवय लागते’ किंवा ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ हे दोन्ही समज चुकीचे आहेत. दम्यावर आधी पंप आणि नाइलाज झाला तरच गोळी, असा क्रम आहे.

तरीही मोठी मात्रा अनेक वर्षे घेतली तर काही किंमत मोजावी लागते. तोंडात पांढरा चट्टा येतो, आवाज बसतो. दीर्घकाळात हाडे कमकुवत होणे आणि मोतीबिंदू यांचा धोका थोडा वाढतो. लहानपणी अनेक वर्षे बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असे अमेरिकेतल्या दीर्घ पाहणीत दिसले. दम्याच्या झटक्यापुढे ही किंमत लहान आहे, पण गरज नसताना तीही का मोजावी? शिवाय खर्च. मोठ्या मात्रेचा पंप दरमहा घेणे मजुरी करणाऱ्या घराला जड जाते. तो झेपत नाही म्हणून रुग्ण सगळेच सोडतो. लहान मात्रेवर दमा शांत राहत असेल तर औषध टिकून घेतले जाते आणि हाच सर्वात मोठा फायदा आहे.

‘आटोक्यात’ कशाला म्हणायचे?

‘बरे वाटते’ एवढे पुरेसे नाही. मागच्या चार आठवड्यांबाबत स्वतःला चार प्रश्न विचारा. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दम लागला किंवा घरघर झाली का? दम्यामुळे एखाद्या रात्री झोपमोड झाली का? तातडीचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे काही काम टाळावे लागले का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे.

चौथ्या प्रश्नावर थोडे थांबा. माणूस आजाराशी जुळवून घेतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. गच्चीवर जाणे सुटलेले असते. मशिदीपर्यंत पायी जाताना मध्ये एकदा ओळखीच्या दुकानापाशी थांबायची सवय लागलेली असते. तरावीहमध्ये लांब कियाम झेपत नाही, सजद्यातून उठताना खोकला येतो. घरातल्या बाईने मसाला कुटणे सुनेवर सोपवलेले असते. ही ‘वयाची’ लक्षणे नसून न आटोपलेल्या दम्याची असू शकतात. त्यामुळे हे प्रश्न रुग्णाला विचारा आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यालाही विचारा.

अशी शांतता निदान तीन महिने टिकलेली हवी आणि फुप्फुसाची क्षमता स्थिर झालेली हवी. त्यानंतरच मात्रा कमी करण्याचा विषय डॉक्टरांपुढे काढावा. मागच्या वर्षभरात मोठा झटका आलेला असेल, पूर्वी कधी दम्यासाठी अतिदक्षता विभागात जावे लागले असेल, बिडी-सिगारेट चालू असेल किंवा नाकात पॉलिप म्हणजे मांसाची वाढ असेल, तर अधिक सावध राहावे लागते. गरोदर बाईने गरोदरपणात मात्रा कमी करण्याच्या फंदात पडू नये. पोटातल्या बाळाला पंपातल्या स्टेरॉइडपेक्षा आईच्या अनियंत्रित दम्याचा धोका कितीतरी जास्त असतो.

आपल्या जिल्ह्यात योग्य वेळ कोणती?

मात्रा कमी करायची तर सर्दी-ताप नसताना, प्रवास नसताना आणि आपल्या त्रासाचा हंगाम नसताना. आपला हंगाम कोणता ते प्रत्येकाने स्वतः शोधायचे असते. एका साध्या वहीत वर्षभर नोंद ठेवली की ते कळते.

सोयाबीनची गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठरावीक दिवशी अचानक अनेक लोक दम्याच्या तीव्र झटक्याने रुग्णालयात येत. अशा २६ घटना घडल्या. शोध घेतला तेव्हा कळले की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी हे घडत होते. कोठारातून उडणारी सोयाबीनच्या टरफलांची बारीक धूळ वाऱ्याने शहरावर येत होती. कोठारांना धूळ अडवणारे फिल्टर बसवल्यावर हे सत्र थांबले. बुलढाण्यात सोयाबीन शेतात, अंगणात आणि बाजार समितीच्या आवारात असते. मळणीयंत्राशेजारी दम्याच्या रुग्णाला उभे करणे किंवा ऐन मळणीच्या महिन्यात त्याचे औषध कमी करणे, दोन्ही टाळावे.

हेच इतर प्रसंगांना लागू आहे. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेत होळीच्या वेळी नारळांची होळी पेटते. तिथला धूर आणि गर्दी दम्याच्या रुग्णाला सोसत नाही. जायचेच असेल तर धुरापासून लांब राहावे आणि औषध पूर्ण मात्रेत चालू असावे. हज किंवा उमऱ्याला निघण्याआधीच्या महिन्यांतही मात्रेला हात लावू नये. तिथे चालणे खूप, गर्दी मोठी आणि सर्दी-खोकल्याची लागण ठरलेलीच. शाळकरी मुलांच्या बाबतीत वार्षिक परीक्षेचा काळ सोडून द्यावा.

पायऱ्या कशा उतरायच्या?

नेमकी पायरी डॉक्टर ठरवतील, पण त्यामागचा हिशेब आपल्याला कळलेला बरा.

एका वेळी एकच बदल करायचा. स्टेरॉइडची मात्रा साधारण २५ ते ५० टक्क्यांनी कमी करायची आणि पुढची पायरी उतरण्याआधी सुमारे तीन महिने थांबायचे. जोड-औषधाचा पंप असेल तर सहसा त्याच जोडीचा कमी स्टेरॉइड असलेला पंप देतात. म्हणजे बुडेसोनाइड ४०० वरून २०० वर. त्यापुढे दिवसातून दोनदाऐवजी एकदा. अगदी सौम्य दमा असेल तर बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा लहान मात्रेचा पंप फक्त गरजेपुरता घेण्यावरही काही रुग्णांना आणता येते. त्यात दरवेळी आरामाच्या औषधासोबत स्टेरॉइडही पोटात न जाता थेट छातीत पोचते, हे त्याचे वैशिष्ट्य. उलट, स्टेरॉइड सोडून नुसते फॉर्मोटेरॉल किंवा सालमेटेरॉल घेणे दम्यात धोक्याचे आहे.

गोळ्यांचा हिशेब वेगळा. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन अनेक आठवडे रोज घेतलेले असेल तर ते एकदम बंद करू नये. शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंद करते आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो. ‘दम्याची खात्रीची पुडी’ म्हणून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या भुकटीने एका दिवसात आराम पडत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना ते न लाजता सांगावे. माँटेलुकास्टची गोळी घेणाऱ्या मुलाचा स्वभाव बदलला, झोप बिघडली, उदासी आली तर तेही सांगावे. या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये कडक इशारा दिला आहे.

मात्रा कमी करण्याआधी पंप ओढण्याची पद्धत एकदा डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. रोटाहेलरमधली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही भेटतात. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर म्हणजे मधली नळी लावली तर औषध घशात न चिकटता छातीत जाते. लहान मुले आणि म्हाताऱ्यांसाठी ती आवश्यकच समजा. पंप ओढल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचे. वुजूच्या आधी पंप घेण्याची सवय लावली तर कुल्ली आपोआप होते आणि औषधही चुकत नाही.

पीक फ्लो मीटर ही फुंकण्याची छोटी, स्वस्त नळी घरात असेल तर उत्तम. मात्रा कमी करण्याआधी दोन आठवडे आणि नंतर तीन-चार आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो वरचेवर जाऊ लागला तर त्रास जाणवत नसला तरी डॉक्टरांना कळवायचे.

रमजान आणि पंप

रमजानमध्ये अनेक जण डॉक्टरांना न विचारता आपणच औषध अर्धे करतात किंवा महिनाभर सोडतात. याची गरज नसते. रोजचा पंप दिवसातून दोनदाच घ्यायचा असतो. एकदा सहरीच्या वेळ संपण्याआधी, चूळ भरून. आणि एकदा इफ्तारनंतर. दमा आटोक्यात असलेला बहुतेक रुग्ण असा रोजा ठेवू शकतो. मात्र रमजानच्या महिनाभर आधी एकदा दाखवून यावे.

रोज्यात तातडीचा पंप घ्यावा लागला तर रोजा तुटतो का, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. भारतातले हनफी मुफ्ती साधारणतः तुटतो असे सांगतात. शेख इब्न बाज आणि शेख इब्न उसैमीन यांच्यासारख्या अरब उलेमांनी तुटत नाही असे मत दिले आहे. आपण ज्यांना मानतो त्या आलिमांना आधीच विचारून ठेवावे. पण दम लागला असताना पंप घेण्याबद्दल मतभेद नाही. जीव वाचवणे आधी. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत खुद्द अल्लाहने दिली आहे. ती सवलत नाकारून धाप सोसत बसण्यात सवाब शोधू नये.

दुआ आणि दवा यांतही विरोध नाही. उपचार करा, अशी शिकवण प्यारे नबी (स.) यांच्या हदीसमधून मिळते. दम करून घेतलेले पाणी घ्या, दुआ करा. त्या बदल्यात पंप मात्र सोडू नका. दरवर्षी मृगाला हैदराबादेत दम्यासाठी जिवंत मासा गिळायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. तिथून परतल्यावर औषध बंद करणाऱ्यांना पावसाळ्याचे पहिले महिने कठीण जातात, कारण सर्दीचा हंगामही तेव्हाच सुरू होतो.

घराने काय करावे?

औषध कमी करायचे तर चिथावणी देणाऱ्या गोष्टीही कमी व्हायला हव्यात. चूल असेल तर रुग्ण बाईला गॅस आधी मिळावा. जुमेरातीचा लोबान तिच्या खोलीत नको. तिखट अत्तर आणि मच्छरची कॉइलही नको. ईदपूर्वीची झाडलोट आणि रंगकाम चालू असताना तिने दुसऱ्या खोलीत किंवा माहेरी राहावे. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन दाखवावे, पण झटकायचे काम दुसऱ्याने करावे. घरातली बिडी दाराबाहेर नव्हे, कायमची बंद व्हावी.

आणखी एक बोलायचे राहते. मुलीचा निकाह ठरताना तिचा दमा लपवला जातो. मग सासरी पंप पेटीच्या तळाशी जातो, लपूनछपून घ्यावा लागतो आणि हळूहळू सुटतो. कुणालाही न कळता, डॉक्टरांशिवाय, झटक्यात झालेली ही ‘औषधबंदी’ सर्वात वाईट. आटोक्यातला दमा असलेली मुलगी संसार, बाळंतपण, नोकरी सगळे काही करू शकते. हे लग्नाआधी उघडपणे सांगावे आणि सासरच्यांनीही पंप चष्म्याइतका साधा मानावा.

त्रास परतला तर

मात्रा कमी केल्यावर रात्री खोकला सुरू झाला किंवा तातडीचा पंप पुन्हा लागू लागला, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आधीच्या मात्रेवर परत जायचे. यात हार काही नाही. आपल्याला किती औषध लागते हे त्यातून कळते आणि पुढचा प्रयत्न वर्षभराने, वेगळ्या हंगामात करता येतो. ही सूचना डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्या आणि घरात दिसेल अशी लावा.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल किंवा रुग्ण गुंगू लागला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला बसते ठेवा, स्पेसरमधून तातडीचा पंप देत राहा आणि १०८ ला फोन करा. मेहकर-लोणारच्या आडगावातून किंवा जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याहून मोठ्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो, हे धरूनच लवकर निघावे. याच कारणाने, रोजची मात्रा कितीही कमी झाली तरी तातडीचा पंप घरात भरलेला असावा आणि त्याची मुदत संपलेली नसावी.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा खामगावचे सामान्य रुग्णालय यांपैकी जे जवळ पडेल तिथे छातीच्या तपासणीबद्दल आणि पंपाच्या उपलब्धतेबद्दल विचारा. बाहेरून घ्यायचे असेल तर जनऔषधी केंद्रातला दर आधी पाहा.

आपल्या घरात ज्याचा दमा शांत आहे, त्याच्यासाठी येत्या महिन्यात एक काम करा. जुन्या चिठ्ठ्या, सगळे पंप आणि गोळ्या एका पिशवीत घाला. मागच्या तीन महिन्यांत किती रात्री मोडल्या, तातडीचा पंप किती वेळा लागला आणि वर्षातले कोणते दिवस वाईट जातात, हे कागदावर लिहा. ते सगळे डॉक्टरांपुढे ठेवून विचारा, ‘डॉक्टरसाहेब, तीन महिने त्रास नाही. मात्रा कमी करता येईल का, कधी आणि किती?’ उत्तर कदाचित ‘हो’ येईल, कदाचित ‘तुरीची मळणी आटोपू द्या, मग पाहू’ असे येईल. काहीही आले तरी तोपर्यंत आजचा पंप आज घ्यायचा. शिफा अल्लाहच्या हाती आहे. औषध वेळेवर घेणे आपल्या हाती.